वाचक विचारतात : बाभळीच्या फोटोला १८,००० कशाचे?

सोलापुरात सध्या निसर्गफोटोंचं प्रदर्शन चालू आहे, त्यावरून बरीच पत्रं आली, त्यातली तीन या अंकात घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. परवा बायकोमुलांना घेऊन प्रदर्शन बघून आलो. हिप्परगा तलावाच्या काठावरच्या बाभळीचा धुक्यातला एक फोटो होता, तीन फुटाचा. छान होता, पण किंमत १८,००० आणि खाली पेन्सिलीने ३/१० लिहिलेलं. तसला फोटो माझ्या मोबाईलमध्ये पण आहे की. मग एवढे पैसे कशाचे? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आधी ३/१०. या साइजमध्ये या फोटोचे दहाच प्रिंट निघणार, तुम्ही बघितला तो तिसरा, याला एडिशन म्हणतात. अकरावा काढायचा नाही हा फोटोग्राफरचा शब्द असतो, म्हणून घेताना सही आणि सर्टिफिकेट मागून घ्यायचं, त्यात लाजायचं काही नाही.

आता मोबाईलचं. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० ठिपके रुंद असतो, तो तीन फुटावर ताणला की इंचाला १११ ठिपके येतात, आणि हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० लागतात असं धरतात. लांबून चालून जातं, जवळ गेलं की फुटतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती उजेडाची. मोबाईलच्या स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर आला की काळाठिक्कर होतो, आणि तो काळा भाग उजळून त्यातले बारकावे दिसावेत म्हणून माणूस दिवसदिवस बसतो, टेस्ट प्रिंट काढतो, फाडतो, परत काढतो. त्यात कापसाचा कागद, पिगमेंटची शाई, माउंट, फ्रेम हे सगळं धरा.

माझंच सांगते. पहिल्यांदा फोटो लावले तेव्हा एका लॅबमधून चकचकीत कागदावर काढून वर लॅमिनेशन करून घेतलं, स्वस्तात झालं म्हणून खूश होते. हॉलमध्ये टांगले तर त्यात ट्यूबलाइट आणि बघणाऱ्याचं तोंड एवढंच दिसायचं. एक घरी खिडकीसमोर लावला, त्याचं आभाळ दोन पावसाळ्यात पांढरंफटक पडलं. फार वाईट वाटलं होतं.

घ्यायचा की नाही ते तुमच्या खिशावर, पण परत एकदा जा आणि त्या बाभळीच्या बुंध्याच्या सावलीतल्या बाजूकडे एका फुटावरून बघा. सालीच्या भेगा दिसतात, आणि खाली मुळापाशी उतरलेल्या पाण्याने सोडलेली पांढरट रेघ दिसते. मग घरी येऊन तुमच्या मोबाईलमधली तीच जागा झूम करून बघा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आमचे एक सर म्हणतात कॅमेऱ्यातून आला तसाच खरा फोटो, एडिट केला की खोटा. प्रदर्शनातले सगळेच एडिट केलेले वाटले. मग ते खोटे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही गं. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा तेव्हा समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं यायचं, कारण त्या काळी फिल्मऐवजी वापरायच्या त्या काचा निळ्या उजेडाने लगेच भरून जायच्या. मग तो आभाळाची निगेटिव्ह वेगळी काढून दोन्ही जोडून प्रिंट करायचा. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं बघ. १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावापाशी संध्याकाळी चंद्र वर आलेला, स्मशानातल्या क्रॉसवर शेवटचं ऊन, त्याला लाइट मीटर (उजेड मोजायचं यंत्र) सापडेना, तर चंद्राचा उजेड किती असतो ते आठवून त्यावरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते धरलं आणि दुसरा फोटो काढायच्या आत ऊन गेलं. निगेटिव्ह एकच, पण आयुष्यभर तो त्याचे प्रिंट काढत राहिला आणि आभाळ गडद करत करत जवळजवळ काळं केलं. त्याला कोण खोटं म्हणेल?

माझी रेघ कुठे आहे ते सांगते. उजेड वरखाली कर, खुशाल कर. पण उजनीवरचे रोहित पक्षी उचलून सिद्धेश्वर तलावावर सोडलेस, किंवा एआयकडून ढग मागून घेतलेस, तर फोटोखाली तसं लिही. न लिहिता लावलंस तर सर बरोबर.

प्रश्न : मला पण प्रदर्शन भरवायचंय पण आमच्याकडे ना डोंगर ना धबधबा, नुसता माळ. कोण बघणार? (एक वाचक, उत्तर सोलापूर)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी दुसऱ्यांना उत्तरं द्यायची सोडून आधी तुमचंच लिहायला बसले होते. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा १९९९ चा ऱ्हाइन नदीचा फोटो आहे, त्यात काय आहे तर गवताचा पट्टा, पाण्याचा पट्टा, परत गवत, वर राखाडी आभाळ. डोंगर नाही, झाड नाही. (पलीकडच्या काठावरची इमारत त्याने कॉम्प्युटरवर काढून टाकली, आणि ते त्याने लपवलं नाही.) २०११ मध्ये तो लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. पैशाचं सोडा, पण सपाट जमिनीकडे लोक तासन्‌तास बघतात एवढं तरी त्यावरून कळतं.

आणि आपला माळ म्हणजे पडीक जमीन हे आपणच बोलून बोलून खरं केलंय. नान्नजचं अभयारण्य त्या गवतामुळेच तर आहे, माळढोक पक्ष्याला झाडी नको, उघडा माळच लागतो. पावसाळा संपल्यावर सकाळी सूर्य वर यायच्या आधी जा, ऊन आडवं आलं की एकेक कुसळ पेटल्यासारखं दिसतं, तासाभरात सगळं सपाट. दुपारी काढलेत तर माळ तुम्हाला वाटतो तसाच रुक्ष येणार. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय आणि रस्ता सोडून जायचं नाही, अंडी जमिनीवर असतात. हुरड्याच्या दिवसात ज्वारी, एप्रिलमध्ये काळ्या रानाला पडलेल्या भेगा, हे पण काढा, भेगांचे फोटो तर अगदी वाकून, जमिनीला टेकून.

एकच जागा धरा आणि वर्षभर जा. मग पोस्टकार्ड साइजचे तीसेक साधे प्रिंट काढून घरातल्या फरशीवर मांडा, आठवडाभर तसेच राहू द्या, येताजाता ज्याच्यापाशी पाय थांबतो ते ठेवा, बाकीचे उचला. हॉल, फ्रेम, भाडं हे नंतर बघू. दहा-बारा उरले की मला पाठवा.