गोदीत भोंगा नव्हता

प्रिय मुली,

तुझी चाळीस पानं परवा पोचली. एकदा नुसती वाचली, मग पेन्सिल घेऊन पुन्हा बसलो. पणजोबांवर लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला झालेला आनंद पत्रात मावणार नाही. माझा आजाही गोदीतलाच. त्याच्यावर मी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. म्हणून तुझ्या पानांकडे मी जरा जास्तच आशेनं बघतो आहे, हे आधी सांगून टाकतो.

पहिल्याच ओळीला माझी पेन्सिल थांबली. ‘पहाटे भोंगा झाला आणि पणजोबा गोदीकडे निघाले.’ अगं, रोजंदारीच्या हमालाला कामावर बोलावणारा भोंगा गोदीत नव्हता. भोंगा गिरणीचा. परळ-लालबागच्या गोष्टी आपण लहानपणापासून इतक्या ऐकल्यात, की मुंबईचा कामगार म्हटलं की हाताला तेच लागतं. पण रुळांच्या पूर्वेला, माझगावपासून शिवडीपर्यंत पाण्याच्या कडेनं एक वेगळी मुंबई राबत होती. तिथला दिवस वेगळ्या रीतीनं उगवायचा. ती रीत तुला पकडता आली, तर पुस्तक उभं राहील.

तुझे पणजोबा 1908 साली आले असं तू लिहितेस. तेव्हा बंदिस्त गोद्या दोन मोठ्या होत्या, 1880 ची प्रिन्सेस आणि 1888 ची व्हिक्टोरिया. या गोद्यांची दारं भरतीच्या सुमाराला उघडायची. बोट आत घ्यायची किंवा बाहेर काढायची ती तेवढ्या वेळात. एरवी ती बाहेर खाडीत नांगर टाकून उभी. खुल्या बंदरांवर तर गोष्ट आणखी उघड होती. लाकूड, कौलं, गवत घेऊन आलेले पडाव आणि मचवे भरतीला धक्क्याशी लागायचे, ओहोटीला चिखलात बसायचे, आणि तेवढ्यात ते रिकामे करायचे.

म्हणजे पणजोबांचं घड्याळ चंद्राचं होतं. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे, तुझ्या गावात अजून कुणाला तरी तोंडपाठ असेल. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पुनवेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास जाते. रोज साधारण पाऊण तास पुढे. हे गणित मांडून तुझं पहिलं प्रकरण पुन्हा बघ. पणजोबा रोज पहाटे निघत नव्हते. कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि कधी रात्री जेवण करून आडवं होताहोता हाक यायची. तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बोटींच्या येण्याजाण्याच्या याद्या छापून येत. ते जुने अंक आणि त्या वर्षाचं पंचांग शेजारी ठेवून बसलीस, तर एखाद्या विशिष्ट दिवशी तो माणूस किती वाजता धक्क्यावर असेल, याचा बराच नीट अंदाज तुला बांधता येईल. कल्पनेनं लिहिण्याआधी एवढं कर.

आता मुख्य गोष्ट. तू ओझ्याबद्दल खूप लिहिलं आहेस. गोण्या, पाठीवरचे वळ, घाम. खोटं काही नाही त्यात. पण माझा आजा म्हातारपणी गोदीबद्दल बोलायचा, तेव्हा ओझ्याचं क्वचित बोलायचा. तो बोलायचा थांबण्याबद्दल. दारापाशी उकिडवं बसायचं आणि मुकादमाच्या तोंडाकडे बघत राहायचं. बोट लागली आहे का, लागली तर माल काय आहे, टोळीत माणसं किती घेणार, आपला नंबर लागणार का. नाही लागला तर परत खोलीवर, हात हलवत. त्या थांबण्याचे पैसे नव्हते. महिन्यातले किती दिवस असे गेले ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, कारण ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी माणूस वहीत नसायचाच. गिरणीतला बदली कामगारही असाच दारात उभा राहायचा, हे मला ठाऊक आहे. (बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्याला काम मिळे तो.) पण गोदीत बहुतेक सगळेच बदलीवाले होते असं समज.

तुझे पणजोबा नक्की कुणाच्या हाताखाली होते, ते तू शोधलेलं नाहीस. ‘गोदीत हमाल’ एवढ्यावर भागवलं आहेस. जहाजाच्या पोटातून माल वर काढणारे लोक स्टीव्हडोअरचे, म्हणजे जहाजावरच्या कामाच्या कंत्राटदाराचे. धक्क्यावर उतरलेला माल शेडमध्ये नेणारे टोळीवाल्याचे. टोळीवाला म्हणजे माणसं पुरवणारा कंत्राटदार. बंदर चालवणारी पोर्ट ट्रस्ट 1873 पासून होती, पण हमालाला ती लांबून दिसायची. त्याला दिसायचा टोळीवाला, आणि त्याहून जवळ मुकादम. मुकादमाला दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दलची दलाली, द्यावी लागे. ती दिली तरी कामाची खात्री नव्हती, न देणाऱ्याला मात्र काम न मिळण्याची खात्री होती. आजीला विचार, पणजोबा कुठल्या बाजूला होते. घरात ‘बोटीवर’ म्हणायचे की ‘धक्क्यावर’? एका शब्दावरून पुष्कळ कळेल.

माझ्या आज्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गोदीत गेली. गोण्यांची थप्पी ढासळली. टोळीवाल्यानं त्या दिवसाची मजुरी अर्धी दिली, कारण काम अर्ध्यावर सुटलं होतं. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. बोटं त्याच्या आधीची. तुझ्या घरातही असं काही असेल. ते लिहिताना आवाज चढवू नकोस. किती दिले, कधी दिले, पुन्हा कामावर किती दिवसांनी गेले, एवढंच लिही.

तुझ्या चाळीस पानांत जात कुठेच नाही. राहून गेली की टाळलीस? टाळली असशील तर मी समजू शकतो, पण मग पणजोबा गोदीत का आले हे तुला सांगताच येणार नाही. गावचे इतर लोक गिरणीत लागत होते. चांगला पगार विणखात्यात होता. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला, तो यासाठीच. ज्यांना साच्यावर उभं राहू दिलं नाही त्यांतले कितीतरी कोळशाकडे, रेल्वेकडे, म्युनिसिपालटीकडे आणि गोदीकडे वळले. तुझ्या पणजोबांनी गोदी निवडली असं तू लिहिलं आहेस. त्यांच्यापुढे कुठली दारं उघडी होती आणि कुठली बंद होती, ते आधी लिही. मग निवड या शब्दाचं काय करायचं ते तुझं तुला कळेल.

प्लेगवरचं तुझं प्रकरण लांबलं आहे. पणजोबा त्यानंतर बारा वर्षांनी आले. मांडवीच्या धान्याच्या वखारींजवळच्या दाट वस्तीत 1896 च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, ही वस्ती गोदीला लागूनच होती, आणि लोक लाखांनी शहर सोडून गेले, एवढं दोन परिच्छेदांत बसेल. मांडवी म्हणजे जकातीचं ठिकाण हे मात्र सांग. नावातच बंदर आहे आणि रोज तिथून जाणाऱ्यालाही ते ऐकू येत नाही.

याउलट खोलीवर तू फार कमी लिहिलंस. गावकीची खोली हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. एका गावचे पुरुष एका खोलीत, भिंतीवर ज्याची त्याची खुंटी, खाली ज्याची त्याची पेटी. कुणाची पाळी रात्रीची, कुणाची दिवसाची, म्हणून एवढ्या जागेत एवढी माणसं मावायची. माझगाव, धोबीतलाव भागात गोव्याच्या खलाशांचे ‘कूड’ होते, तीही गावागावाची बिऱ्हाडंच. बोटीवर गेलेल्याची पेटी तिथे राही, आणि कोपऱ्यात गावच्या संताचा देव्हारा असे. पुढे विशीच्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बीडीडी चाळी बांधल्या. शिवडीच्या त्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आहेत. खोली 160 चौरस फुटांची. तिथेच मी वाढलो. त्या आकड्याचा अर्थ कळायला जमिनीवर खडूनं चौकोन आखून बघ, आणि त्यात आठ माणसांची अंथरुणं मांड.

1921 च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. हा आकडा तू छान वापरला आहेस, पण मुंबईच्या बाजूनंच. दुसऱ्या टोकाला तुझी पणजी आहे. भात तिनं लावलं, सासऱ्याचं दुखणं तिनं काढलं, सावकाराला तोंड तिनं दिलं. पणजोबा गोदीत टिकले ते तिच्या जिवावर. रत्नागिरी जिल्ह्यानं मुंबईला सगळ्यात जास्त माणसं पुरवली म्हणतात, ती माणसं मोजताना गावी राहिलेल्या बायका कुणी धरत नाही. दोघांमधला धागा म्हणजे मनिऑर्डर. तिच्या खालच्या कुपनावर दोन ओळींपुरती जागा असायची. ज्याला लिहिता येत नव्हतं तो पोस्टाच्या दारात बसलेल्याकडून लिहवून घ्यायचा, आणि इकडे पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणजे नवऱ्याचे शब्द बायकोपर्यंत दोन परक्यांच्या तोंडून पोचायचे. आजीच्या ट्रंकेत ती कुपनं असतील तर आधी त्यांचे फोटो काढ. मग बाकी सगळं.

आणि गावी जाणं. तू त्यांना श्रावणात बोटीनं घरी पाठवलं आहेस. किनाऱ्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत. हाती पैसे असले, बाप अंथरुणाला खिळला, तरी जूनपासून पुढचे महिने पाण्याची वाट नव्हती. म्हणून शिमग्याचं एवढं मोल. हंगामही निर्धोक नव्हता. 1927 च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या, ऐन हंगामात. त्यानंतर भाऊच्या धक्क्यावर मुलाला पोचवायला आलेल्या माणसाच्या मनात काय असेल, ते तुझ्या पुस्तकात कुठेतरी यायला हवं.

एकदा पायी फीर. हार्बर लाईननं रे रोडला उतर. (या गाडीच्या नावातही बंदरच आहे, आणि तिच्यात उभं राहून आपण आयुष्य काढतो.) तिथून खाली दारूखान्याकडे जा. लाकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हे बंदर. ‘हे’ म्हणजे गवत. घोड्यांचं आणि बैलांचं शहर होतं ते, त्यांचा चारा पाण्यातून यायचा. ज्या जमिनीवर तू चालशील तिचा मोठा भाग भरावाचा आहे. माझगाव-शिवडीची भरणी पणजोबा आले त्याच सुमाराला चालू होती. 1914 ला अलेक्झांड्रा गोदी झाली आणि तिच्या खोदाईतल्या मातीनं बॅलार्ड इस्टेटीची जमीन उभी राहिली. या नव्या गोदीच्या तोंडाशी दुहेरी दरवाजांचा जलपाश होता, त्यामुळे बोट भरती-ओहोटी कधीही आत येऊ शकायची. दुसऱ्या वर्षी, 1 जानेवारी 1915 ला, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीला आला, तोही याच ओघात. तेव्हा तुझ्या गोष्टीचे दोन भाग पडतात. 1914 च्या आधी पणजोबा चंद्राच्या वेळेनं बांधलेले होते. नंतर ती गाठ सैल झाली, मुकादमाची मात्र तशीच राहिली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया शोधू नकोस. त्या भरून टाकल्या आहेत.

कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगानं 1931 च्या अहवालात गोदी कामगारांची नोंदणी करा असं सुचवलं. कायदा व्हायला 1948 उजाडलं, आणि मुंबईत योजना आली 1951 ला. तिच्यात एक कलम होतं. नाव नोंदलेला कामगार हजर राहिला आणि त्याला काम मिळालं नाही, तरी हजेरीभत्ता. माझे वडील तेव्हा गोदीत लागलेले. पहिल्यांदा तो भत्ता घेऊन आले, तेव्हा आजा दारातच बसला होता. वडिलांनी पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्या दिवशी काम नव्हतं हे आज्याला ठाऊक होतं. त्यानं विचारलं, “हे कशाचे?”

वडील म्हणाले, “थांबल्याचे.”

आज्यानं तीन बोटांच्या हातानं ते पैसे बराच वेळ धरून ठेवले. मग आजीला हाक मारून देवापुढे ठेवायला दिले.

पहिलं प्रकरण नव्यानं लिहून पाठव. घाई नाही, पण आजीकडे याच महिन्यात जाऊन ये. समास थोडा मोठा सोड, मला लिहायला जागा पुरत नाही.

तुझे,
सर