पहिल्या मंडळीकडे निघण्यापूर्वी

ख्रिस्तात प्रिय धाकट्या बंधूस,
सप्रेम जय ख्रिस्त.

पाळक म्हणून तुझी दीक्षा झाली आणि नेमणुकीचे पत्रही हाती आले. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली ख्रिस्ती मंडळी आहे. मुख्य गावात ४०-४५ घरे, आजूबाजूच्या तीन वस्त्यांवर आणखी थोडी. प्रवचन कसे रचायचे, मूळ भाषेतला शब्द कसा उलगडायचा, हे तू सेमिनरीत शिकून आला आहेस. त्याविषयी मी काही लिहीत नाही. आपल्याकडे पाळक म्हणजे कळप पाळणारा, हे खरेच. पण गावातली माणसे त्याच शब्दाने आणखी एक मोजमाप घेतात: हा वेळ पाळतो का? दिलेला शब्द पाळतो का? पहिली दोन वर्षे तुझे शास्त्रज्ञान कोणी तपासणार नाही, हे मात्र रोज तपासले जाईल. म्हणून हे पत्र.

पहिले सहा महिने उपासनेच्या क्रमाला हात लावू नकोस. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि कागदावर सगळे एक झाले. पण नगरकडे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची आणि एसपीजी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनच्या वळणाची, अशा दोन सवयी अजून जिवंत आहेत. एका घराला छापील क्रम आणि गुडघे टेकणे हवे असते, दुसऱ्याला मनातली मोकळी प्रार्थना. दोघेही आपापल्या आजोबांची आठवण राखत असतात. नवा पाळक येऊन एका रविवारी क्रम बदलतो, तेव्हा त्याला वाटते आपण सुधारणा केली. समोरच्याला वाटते आपल्या आजोबांना हाकलले. आधी मंडळीच्या सभांच्या जुन्या वह्या काढून मागची १५-२० वर्षे वाच. कोणता वाद कशावरून पेटला आणि कोणत्या दोन घरांत बोलणे नाही, ते तिथे सापडेल.

गाण्यांच्या बाबतीतही हेच सांगेन. तरुणांना कीबोर्ड हवा असेल तर जरूर येऊ दे. पण पेटी, तबला आणि झांजा कोपऱ्यात पडू देऊ नकोस. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर आपल्या ओसरीवर आणले. ज्या म्हातारीला अक्षर येत नाही, तिला ही भजने तोंडपाठ असतात. वीज गेली तरी ती थांबत नाहीत.

आता घरभेटी. माझ्या मते पाळकाचे निम्मे काम इथेच होते आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. आठवड्यातले दोन वार ठरव, समज मंगळवार आणि गुरुवार. एका दिवशी चार घरे. आठवड्याला आठ घरे झाली की पाच-सहा आठवड्यांत मुख्य गाव पुरे होते. यादी घरांच्या रांगेप्रमाणे कर, ओळखीप्रमाणे नको. ओळखीने गेलास तर मंडळीच्या समितीच्या सभासदांकडे महिन्यात तीनदा चहा होईल आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या विधवेकडे वर्षभर पाऊल पडणार नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतली कुरकुर याच कारणाने सुरू झाली होती: काही विधवा रोजच्या वाटपात राहून जात होत्या.

शेतीच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या आधी कोणी घरी नसते. बसायचे २०-२५ मिनिटे. आधी ऐकायचे, मग आठ-दहा वचने वाचायची, मग ऐकलेल्या गोष्टींची नावे घेऊन प्रार्थना करायची: म्हशीचे दुखणे, मुलाचा दहावीचा निकाल, सोसायटीचे कर्ज. बाई एकटी असेल तर उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस कर आणि पुढच्या वेळी पत्नीला किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. घरात जे कळले ते वहीत लिहू नकोस. वहीत फक्त तारीख आणि आजारपण. नाव गाळूनही ते प्रवचनात दाखला म्हणून वापरू नकोस. ४५ घरांच्या गावात नाव न घेता सांगितलेली गोष्ट पहिल्या वाक्यालाच ओळखू येते. ते घर मग तुझ्याशी पुन्हा कधी मोकळे बोलत नाही.

तुझ्या मंडळीतली काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, येत नाहीत. नाताळ त्यांना फडात गाठतो. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना ठेव. प्रत्येक टोळीचा कारखाना, मुकादमाचा फोन आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची व लेकरांची नावे लिहून घे. डिसेंबरमध्ये एक दिवस काढून त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, जा. प्रभुभोजनाचे साहित्य आणि मुलांसाठी फराळ घेऊन जा, आणि पोचायला संध्याकाळ धर, कारण पहाटेपासून माणसे फडात असतात. गव्हाणीत जन्मलेल्याचा सण पाचटाच्या कोपीत साजरा होतो, तेव्हा तिथे पाळक असलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पैशाचे बोलू. इथे चांगली माणसे बदनाम होतात, आणि बहुतेक वेळा चोरीमुळे होत नाहीत. ढिलाईमुळे होतात. अर्पणाची थैली उपासना संपताच, देवळातच, दोघांनी मोजायची. ते दोघे एका भावकीतले नसावेत आणि त्यांच्यात तू नसावास. कोणत्या नोटा किती, ते चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. रक्कम एक रात्रही पाळकाच्या घरी राहू नये, कारण घरातली अडचण आणि कपाटातली थैली एकाच खोलीत आली की 'दोन दिवसांत परत ठेवू' हा विचार येतोच. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठीची वर्गणी पाठवताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय समितीच्या पहिल्याच सभेत वाच, म्हणजे हा नियम तू आपल्या पदरचा काढलास असे कोणाला वाटणार नाही.

पिकाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे सुगीच्या सणाला, अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तिथे जास्त सांभाळ. कोंबडी, भोपळा, ज्वारीचे पोते, घरची चटणी यांवर उत्साहात बोली चढते. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, टाळ्या पडतात, पैसे मात्र 'नंतर देतो'. तीन महिन्यांनी खजिनदार मागायला गेला की अपमान होतो, आणि ते घर देवळात येणे सोडते. पाचशे रुपयांपायी एक कुटुंब जाते. म्हणून लिलावाआधीच जाहीर कर की वस्तू रोख पैसे देऊन उचलायची. ज्याला जमणार नाही त्याची बाकी महिनाभर वहीत राहील, नंतर ती मंडळीने सोडून दिली असे धरले जाईल. थकबाकी व्यासपीठावरून कधीही वाचू नये. आणि मालमत्ता न्यासाच्या नावावर असेल तर धर्मादाय कार्यालयात हिशेब वेळेवर जातो की नाही, विश्वस्त बदलल्याची नोंद झाली आहे की नाही, हे पहिल्याच वर्षी विचारून घे.

लग्नाची तयारी तीन महिने आधी सुरू कर. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे. नोटीस, वराची २१ आणि वधूची १८ पूर्ण वर्षे, दोघांपैकी कोणाचेही आधीचे लग्न कायम नसणे, आणि तुझ्याशिवाय किमान दोन साक्षीदार, हे सगळे कागद पाहून तपास, तोंडी ऐकून नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते: खास परवान्याचा अपवाद सोडला तर विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यांमध्येच व्हायला हवा. गावाकडची वरात रेंगाळते. पत्रिकेत चारची वेळ असली तरी नवरदेव साडेसहाला वेशीवर नाचत असतो. दोन्ही घरच्यांना आधी बसवून सांग, की सहापर्यंत वर दारात आला नाही तर विधी दुसऱ्या दिवशी सकाळी होईल. एकदा सांगितलेस की तसेच कर. रजिस्टर विधी संपताच, जेवणाआधी भर. पंगत उठल्यावर साक्षीदार सापडत नाहीत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीमागे आपल्याकडे एक दुखरी जागा आहे, ती तुला ठाऊक असू दे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून कितीतरी घरांत प्रार्थना रोज होते, पण शाळेच्या दाखल्यावर धर्म दुसरा असतो, आणि मुलगा बाप्तिस्मा पुढे ढकलतो. त्याला भित्रा म्हणू नकोस. बाप्तिस्म्याने कागदावर काय बदलू शकते, ते त्याला आणि आईवडिलांना आधी स्पष्ट सांग, निर्णय त्यांना घेऊ दे आणि तोवर उपासनेत त्यांना परके वाटू देऊ नकोस. मात्र खोटा दाखला लिहून देऊ नकोस. मागची तारीख घालू नकोस, नोंद गाळू नकोस. मागणारा रडेल, रागावेल. त्याच्याजवळ बस, पण सही करू नकोस.

मृत्यूची खबर बहुधा रात्री येते. उठून लगेच जा. शाल आणि पवित्र शास्त्र पुरे. पहिल्या तासात बोलायचे फार थोडे. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांनी बरोबर केले होते. 'देवाची इच्छा' हे शब्द लेकरू गेलेल्या आईसमोर उच्चारू नकोस. स्तोत्र २३ किंवा योहान १४ सावकाश वाच आणि बस. मग बाहेर येऊन कामाला लाग: डॉक्टरचा दाखला, पेटी कोणाकडून, खड्डा कोण खणणार, लांबचे नातेवाईक किती वाजता पोचणार. मुरमाच्या जमिनीत चार माणसांना खड्ड्याला चार-पाच तास लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कडा ढासळतात, म्हणून फळ्या हाताशी ठेव आणि खणणे उशिरा सुरू करू नकोस. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, ती आठवण घरच्यांना तूच कर. आणि गर्दी ओसरते त्या आठवड्यात, आठव्या-दहाव्या दिवशी, पुन्हा जा. खरे रडणे त्या दिवशी असते.

भांडणात मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला क्रम मोडू नकोस: आधी दोघेच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. एकाची तक्रार ऐकून दुसऱ्याला निरोप पोचवणारा पाळक दोघांनाही नकोसा होतो. तक्रार घेऊन आलेल्याला इतकेच विचार: 'तुम्ही हे त्यांच्याशी बोललात का? मी सोबत येऊ का?'

आता तुझे घर. पत्नी नोकरी करते, मुलगी तीन वर्षांची आहे. गावात पोचताच समिती तुझ्या पत्नीला महिला मंडळाची अध्यक्ष आणि मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची शिक्षिका म्हणून जाहीर करेल, कारण आधीच्या पाळकीणबाई ते करत होत्या. नेमणूक तुझी झाली आहे, तिची नाही. तिला काय झेपेल आणि काय आवडेल, ते घरी आधी ठरवा आणि समितीला तू सांग. तिला नाही म्हणायला लावू नकोस. मुलीचा दाखला प्रवचनात देऊ नकोस, नाताळच्या कार्यक्रमात तिला बळजबरीने वचन म्हणायला उभी करू नकोस. पाळकाचे लेकरू म्हणून ती आपोआप सगळ्यांच्या नजरेत राहील. घरी तरी तिला नुसते लेकरू राहू दे.

सोमवार सुट्टीचा ठेव आणि मंडळीत तसे जाहीर कर. मरण आणि गंभीर आजार यांना वार नसतो, बाकी सगळे मंगळवारपर्यंत थांबू शकते. एक जेवण रोज तिघांनी एकत्र करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची असू दे. एक गाणे, थोडी वचने, मुलीची एक ओळ. ती लांबवलीस तर प्रवचन होते, आणि घरच्यांना रविवारचे एक पुरे असते. खेड्यातल्या मंडळीचा पगार कधी कधी दोन-दोन महिने उशिरा येतो, म्हणून तेवढ्या खर्चाची तजवीज निघण्याआधी करून ठेव. उसने कोणाकडूनही घे, मंडळीतल्या सभासदाकडून घेऊ नकोस. घेतलेस की त्याच्या घरच्या भांडणात तू खरे बोलू शकत नाहीस.

आणि तुझा स्वतःचा विश्वास. प्रवचनासाठी वाचता वाचता स्वतःसाठी वाचणे कधी बंद पडते, ते कळतही नाही. पवित्र शास्त्राच्या दोन प्रती ठेव. एकीत खुणा, टिपणे, प्रवचनाचे मुद्दे. दुसरी कोरी, पहाटेची, पेन्सिलशिवाय. ज्या दिवशी प्रार्थना सुचत नाही त्या दिवशी स्तोत्रे मोठ्याने वाच. थकून सगळे सोडावेसे वाटले तर १ राजे १९ काढ: संदेष्टा एलीया मरण मागत होता, आणि देवाने त्याला आधी झोपू दिले, भाकर दिली, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे नंतर. महिन्यातून एकदा तुझ्या समितीबाहेरच्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकाकडे जा आणि आपली पापे, आपला राग, आपली भीती त्याला सांग. तसा माणूस अजून ठरवला नसशील तर निघण्याआधी ठरव.

ताबा घेताना बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही नोंदवह्या शेवटच्या पानापर्यंत पाहून, कोणती पाने फाटली आहेत ते लिहून, आधीच्या पाळकांची सही घे. देवळाच्या, कपाटाच्या आणि दफनभूमीच्या फाटकाच्या किल्ल्या मोजून घे. घराची कौले मे महिन्यातच फिरवून घे, पुस्तकांची खोकी जमिनीवर ठेवू नकोस, त्या भागात वाळवी फार आहे. पहिल्या रविवारी उपासना साडेनऊची असेल तर आठला जाऊन दार तूच उघड.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडील सहसेवक