पेशी गोठवायला शिकणाऱ्या नव्या सहकाऱ्यासाठी
पेशी केवळ थंडीने मरतात हा समज आधी सोडा. त्यांचा घात होतो तो आत तयार होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांमुळे आणि बाहेरचे पाणी गोठत जाताना उरलेल्या द्रावणात क्षारांचे प्रमाण वाढल्यामुळे. ग्लिसरॉल घातल्यास कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही टिकतात, हे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ मध्ये दाखवले, तेथून या शास्त्राला खरी दिशा मिळाली.

रक्तातील मूळपेशींसाठी आज बहुधा १० टक्क्यांपर्यंत डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, ग्लिसरॉलप्रमाणे गोठताना पेशींचे रक्षण करणारे द्रव्य) वापरतात. तो मिसळल्यावर रेंगाळू नका, कारण सामान्य तापमानाला तो पेशींना अपाय करतो. त्यानंतर तापमान मिनिटाला साधारण १ अंश सेल्सियस या गतीने उतरू द्या, म्हणजे पेशीतील पाण्याला बाहेर पडायला अवधी मिळतो. वितळवताना मात्र ३७ अंशांच्या पाण्यात घाई करा. नवशिके या दुसऱ्या टप्प्याकडे कमी लक्ष देतात आणि चांगले गोठवलेले नमुने तेथेच हातचे जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्त्रीबीजांसाठी अतिजलद विट्रिफिकेशनची, म्हणजे बर्फाचे स्फटिक होऊ न देता काचेसारखे घट्ट करण्याची, पद्धत आहे. ती स्वतंत्रपणे शिका.

गोठवलेले नमुने ज्यात साठवतात तो उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन हाताळायला एकटे कधीही जाऊ नका, कारण वायुरूप होताना तो सुमारे ७०० पट पसरतो आणि बंद खोलीतील ऑक्सिजन कमी झाल्याची चाहूलही लागत नाही.