अणुऊर्जा केंद्राच्या तपासणीनंतर 'सर्व सुरक्षित' एवढंच निवेदन येतं. ते पुरेसं असतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. तपासणी झाली, सर्व यंत्रणा सुरक्षित आहेत, एवढ्या एका ओळीच्या निवेदनावर विश्वास ठेवावा का? आणि तपासणीत सापडलेलं सगळंच जाहीर केलं तर लोक उगाच घाबरणार नाहीत का?

मी अणुऊर्जा क्षेत्रातला नाही. पण दाबाखालच्या पाइपांची आणि टाक्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी करणं हे माझं काम आहे, त्यामुळे 'तपासणी झाली' या दोन शब्दांमागे काय काय असू शकतं ते मला ठाऊक आहे.

ते निवेदन खोटं असेलच असं नाही. अडचण अशी की त्यातून पडताळून बघण्याजोगं काहीच हाती लागत नाही. तपासणी म्हणजे ठरलेल्या यादीतल्या ठरलेल्या जागा ठरलेल्या पद्धतीने बघणं. हजारो सांधे, वाकणं, झडपा असलेल्या केंद्रात प्रत्येक इंच दर वेळी कुणीच मोजत नाही, आणि मोजावा अशी अपेक्षाही नसते. म्हणून 'काय सापडलं' याच्या आधीचा प्रश्न असतो, यादीत काय होतं आणि काय नव्हतं?

जपानमधल्या मिहामा केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीत एक पाइप फुटला. आतल्या तप्त पाण्याची क्षणात वाफ झाली आणि त्यात ५ कामगार दगावले. पाणी किरणोत्सारी नव्हतं. पाइपची भिंत मुळात १० मिलिमीटर जाडीची होती. वाहत्या पाण्याने ती आतून झिजत झिजत फुटलेल्या जागी दीड मिलिमीटरच्याही आत आली होती. अशी झीज अचानक होत नाही. जाडी मोजायचं उपकरण त्या जागी एकदा टेकवलं असतं तर ती दिसली असती. पण ही अणुभट्टी १९७६ मध्ये सुरू झाल्यापासून ती जागा एकदाही मोजली गेली नव्हती, कारण ती तपासणीच्या यादीतून सुटली होती. इतकी वर्षं नियमित तपासण्या होत होत्या, आणि अपघाताच्या वेळी त्या इमारतीत जे कामगार होते, ते काही दिवसांवर आलेल्या नियतकालिक तपासणीचीच तयारी करत होते. हे वाचलं की माझ्यासारख्याला फार त्रास होतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की तपासणीच्या निवेदनात न तपासलेल्या जागांचाही उल्लेख हवा. कोणत्या जागा या वेळी घेतल्या नाहीत, का घेतल्या नाहीत, त्यांची पाळी कधी येणार.

पुढे ढकललेल्या तपासणीचंही तेच. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्राला नियामक संस्थेने, म्हणजे अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अणुभट्टीच्या झाकणावरच्या नळ्यांची तपासणी २००१ संपायच्या आत करायला सांगितली होती. कंपनीने मुदत मागितली आणि १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत केंद्र चालू ठेवायची परवानगी मिळवली. मग बंद करून बघितलं, तर तडा गेलेल्या एका नळीतून झिरपणाऱ्या, अणुभट्टीतल्या पाण्यातल्या बोरिक आम्लाने एका जागी झाकणाचं १६-१७ सेंटिमीटर जाडीचं पोलाद खाऊन टाकलं होतं. खाली उरला होता तो फक्त एक सेंटिमीटरभर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा अस्तराचा थर, आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट. कुणाला इजा झाली नाही, किरणोत्सार बाहेर पडला नाही, तरीही घटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत, म्हणजे ० ते ७ मध्ये, तिला ३ ही पातळी दिली गेली. नंतर नियामक संस्थेच्याच अंतर्गत चौकशीत असं नोंदवलं गेलं की मुदत देताना कंपनीच्या आर्थिक नुकसानीचा विचार मोठ्या प्रमाणात झाला होता. मुदतवाढ देणं हा काही वेळा तांत्रिकदृष्ट्या योग्य निर्णय असतो. पण तो कुणी, कशाच्या आधारावर दिला हे त्याच वेळी लोकांसमोर यायला हवं.

आता भीतीबद्दल. हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही, कारण आकडे खरंच घाबरवतात. बेल्जियममधल्या डुल केंद्राच्या तिसऱ्या अणुभट्टीत २०१२ साली तपासणी झाली तेव्हा मुख्य पात्राच्या, म्हणजे ज्यात इंधन असतं त्या भांड्याच्या, पोलादात सुमारे ८,००० दोष-संकेत, म्हणजे आत दोष असू शकतो असं दाखवणाऱ्या उपकरणावरच्या खुणा, सापडले. पुढे हा आकडा १३,०४७ झाला. बाहेरच्या माणसाने यातून काय समजावं? तडे वाढत चालले, हेच. प्रत्यक्षात मधल्या काळात उपकरणाची शोधण्याची मर्यादा खाली आणली होती, त्यामुळे आधी न दिसणारे बारीक संकेतही मोजले गेले. पात्र घडवताना पोलादात राहिलेल्या हायड्रोजनमुळे ते तयार झाले होते, असा निष्कर्ष निघाला. ही माहिती लपवलेली नव्हती, आणि तरीही, बेल्जियमच्याच तिहांज केंद्रात असेच दोष-संकेत सापडल्याच्या काळजीने शेजारच्या जर्मनीत आखेन शहराने २०१७ मध्ये नागरिकांना, किरणोत्साराचा अपघात झालाच तर घ्यायच्या, आयोडीनच्या गोळ्या वाटल्या.

मग आकडा सांगूच नये का? मला उलट वाटतं. आकड्याच्या शेजारीच तीन गोष्टी लिहायच्या: मोजण्याची पद्धत बदलली का, मागच्या वेळी त्याच जागी त्याच पद्धतीने किती होतं, आणि कोणती मर्यादा ओलांडली तर केंद्र बंद करणार. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कमी वेळा सांगितली जाते आणि लोकांना खरं तर तीच हवी असते.

लपवल्याचा परिणाम काय होतो याचं उदाहरणही समोर आहे. टेप्को या जपानी वीज कंपनीने तपासणीच्या नोंदींमध्ये फेरफार केल्याचं २००२ मध्ये उघड झालं. लपवलेले अनेक तडे असे होते की वेळेवर कळवले असते तर दुरुस्ती करून किंवा लक्ष ठेवून काम भागलं असतं. पण नोंदींवरचा विश्वासच गेल्यावर सगळंच पुन्हा तपासणं आलं, आणि एप्रिल २००३ मध्ये कंपनीच्या सगळ्या १७ अणुभट्ट्या बंद होत्या.

चांगली पद्धत कशी असते तेही सांगतो. फ्रान्समध्ये निरीक्षकांनी तपासणीनंतर संचालक कंपनीला पाठवलेलं पत्र नियामक संस्था २००२ पासून आपल्या संकेतस्थळावर टाकते. त्यात काय बघितलं, काय खटकलं, कशाची पूर्तता हवी आहे हे लिहिलेलं असतं. भाषा कोरडी असते, वाचायला कंटाळवाणी. तरी अशी चार पत्रं ओळीने वाचली की एकच त्रुटी पुन्हा पुन्हा येते आहे का हे कुणालाही कळतं, त्यासाठी अभियंता असावं लागत नाही.

तुमच्या जवळच्या केंद्राबाबत असं काही उपलब्ध नसेल तर लेखी विचारा: या तपासणीत कोणत्या जागा वगळल्या, कोणती तपासणी पुढे ढकलली आणि कुणाच्या मंजुरीने, मागच्या वेळच्या किती त्रुटी अजून दूर व्हायच्या बाकी आहेत. हेच प्रश्न कंपनीला आणि नियामक संस्थेला वेगवेगळे पाठवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा.