मासा 8 युरोचा, बिल 104 चं!

प्रश्न : ताई, आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी, मुलं मार्गी लागल्यावर पहिल्यांदाच नवऱ्यांना घरी ठेवून इटलीला गेलो. व्हेनिसला शेवटच्या रात्री कॅनॉलच्या कडेला मस्त टेबल मिळालं, मेन्यूवर सी बासपुढे 8 युरो लिहिलेलं, म्हटलं स्वस्तय की! वेटरने अख्खा मासा आणून दाखवला, आम्ही फोटो काढले आणि हो म्हटलं. बिलात नुसत्या माशाचे 104 युरो आणि वर माणशी 3 युरो कसलेतरी. आमच्यातली शाकाहारी, ती बिचारी पिझ्झावर होती (मरिनारा नको म्हणाली, त्यात मासे असतात म्हणून), तिच्याकडून पण माशाचे 26 घेतले तर ती तरातरा निघून गेली, फोन बंद, हॉटेलवर पोचली साडेअकराला. आम्हाला फसवलं का? आणि आता ग्रुपवर सगळं चिडीचूप आहे, काय करू?

उत्तर : अगं, फसवलं असं नाही म्हणता येणार. त्या 8 च्या शेजारी बारीक अक्षरात 'एत्तो' असं काहीतरी लिहिलेलं असणार. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. तिकडे अख्खा मासा बरेचदा असाच वजनावर विकतात, तुमचा होता 1 किलो 300 ग्रॅमचा, म्हणजे 13 गुणिले 8, करा हिशोब. वेटर मासा दाखवायला आणतो ना, तीच वेळ असते वजन आणि एकूण किंमत विचारायची, आपण नेमके तेव्हा फोटो काढत बसतो. आपल्याकडे कोळणीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या बायका आपण, तिथे गेल्यावर काय होतं कुणास ठाऊक! माणशी 3 युरो म्हणजे 'कोपेर्तो', टेबलावर बसल्याचे, ब्रेडसकट. ती टिप नव्हे. मेन्यूवर छापलेलं असेल तर मुकाट द्यायचं.

आणि मरिनारा पिझ्झात मासा नसतोच! टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, बास, चीजसुद्धा नाही. उलट अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असतं, पण हे तिला एवढ्यात सांगू नका. तिकडे 'पेपेरोनी' मागवली तर सॉसेज नाही, ढोबळी मिरची येते, तेही जाता जाता सांगून ठेवते.

ती हरवली याचं मला काही नवल नाही. व्हेनिसमध्ये घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या विभागाला मिळून एकच क्रम असतो, असे 6 विभाग, त्यामुळे नुसता विभाग आणि चार आकडी नंबर हातात असून काही कळत नाही. फोन बंद पडला तर भिंतीवरच्या मोठ्या ठिकाणांची वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्या बघायच्या, रियाल्टो (पूल), सान मार्को (चौक), स्टेशनला 'फेरोव्हिया'. हॉटेलच्या सगळ्यात जवळची पाटी कोणती ते निघतानाच चौघींनी पाठ करायचं. पाय दुखले तर रात्री पाण्यातली बस असते, एन नंबरची.

आता पैशांचं. मासा तिघींनी खाल्ला तर तिघींनीच द्यायचा, तिचे 26 युरो आजच परत पाठवा, कोपेर्तो मात्र चौघींचा. ग्रुपवर काही लिहू नका, तिला थेट फोन करा, आणि 'तू एवढी का चिडलीस' ने सुरुवात तर मुळीच करू नका.