आठवीत जर्मन घेतलं आणि पोट दुखायला लागलं

"मॅडम, आमचं चुकलंच. सरळ संस्कृत घ्यायला लावायला हवं होतं." मी शाळेत समुपदेशक आहे, आणि पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी गेले की हे वाक्य मला दरवर्षी ऐकू येतं. राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आठवीला तिसरी भाषा निवडायची असते: हिंदी, हिंदी-संस्कृत संयुक्त, पूर्ण संस्कृत आणि पुण्या-मुंबईच्या काही शाळांत जर्मन किंवा फ्रेंच. संस्कृत निदान कानावरून गेलेलं असतं, एखाद-दुसरं स्तोत्र पाठ असतं, लिपीही ओळखीची. जर्मनची मात्र तेराव्या वर्षी पाटी कोरी. मग पालक विचारतात, उशीर झालाय का? झेपेल का? आणि बदलायचंच असेल तर आत्ताच बदलून टाकावं का?

मीराची आई (नाव अर्थातच बदललंय) यातलं काहीच विचारायला आली नव्हती. ती मीराची पोटदुखी घेऊन आली होती. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. "शाळेत कुणी त्रास देतंय का, तेवढं बघा," असं आईचं म्हणणं. मी वेळापत्रक मागवलं. मंगळवार आणि गुरुवार, दोन्ही दिवशी जर्मनची जोडतासिका होती.

मीरा वर्गात कायम पहिल्या पाचांतली. चाचणीत जर्मनला वीसपैकी नऊ. गुणांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं, "तासाला नेमकं काय होतं गं?"

"मिस रांगेने वाचायला सांगतात. मी बाकं मोजते."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मी तिला पुन्हा नीट सांगायला लावलं. ती मधल्या रांगेत, पाचव्या बाकावर. मिसनी पहिल्या बाकापासून सुरुवात केली की मीरा आपल्या वाट्याला कितवं वाक्य येणार याचा हिशोब मांडायची आणि तेवढंच वाक्य मनात घोकत बसायची. पुढच्या चार बाकांवरची मुलं काय वाचतात, मिस काय सुधारतात, काहीच कानात शिरायचं नाही. आपलं वाक्य झालं की धडधड थांबेपर्यंत मागच्या बाकांचंही वाचून व्हायचं. म्हणजे ही मुलगी पूर्ण तास वर्गात असायची आणि तिच्या पदरात पडायचं एक वाक्य. नऊ गुण कुठून आले ते मला तिथेच कळलं.

आणि एकदा हिशोब चुकला. पुढचा एक मुलगा गैरहजर होता, त्यामुळे न घोकलेलं वाक्य मीराच्या वाट्याला आलं. त्यात चार हा आकडा होता. जर्मनमध्ये त्याचा उच्चार 'फीअर'. तिने 'vier' हे स्पेलिंग बघून इंग्रजीच्या वळणाने 'व्हिअर' वाचलं. मे महिन्याच्या सुट्टीत खासगी वर्ग करून आलेली दोन मुलं खुदकन हसली. पोटदुखी त्याच आठवड्यातली.

माझ्याकडे येणाऱ्यांत अभ्यासात कच्ची मुलं कमी आणि अशी हुशार मुलंच जास्त असतात. पहिली-दुसरीत आपण कसे अडखळत वाचायचो हे त्यांना आठवत नाही. बाकी विषयांत धडा सुरू होण्याआधीच थोडंफार येत असतं. आणि तेराव्या वर्षी सगळ्या जगाबद्दल ठाम मतं असलेल्या मुलीला अचानक 'माझं नाव मीरा, मी पुण्यात राहते' एवढ्यावर यावं लागतं, तेही ज्यांच्यासमोर आपली छाप पडावी असं वाटतं नेमक्या त्याच मुलामुलींसमोर. या भीतीचा अभ्यासही झालेला आहे. इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986मध्ये परभाषेच्या वर्गातली चिंता मोजायला 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. त्यांचं म्हणणं असं, की बाकी सगळीकडे शांत असणाऱ्या माणसालाही ही चिंता फक्त भाषेच्या वर्गात गाठू शकते. पोटदुखी हे मीराचं ढोंग नव्हतं, हे तिच्या आईला पटवायला मला याचा उपयोग झाला.

उशिराचं म्हणाल, तर वडिलांनी दुसऱ्या भेटीत तो मुद्दा काढलाच. "लहान मुलं पटकन शिकतात, आता हिचं वय गेलं." हा समज घराघरात आहे आणि उच्चारांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण शाळेतल्या मोजक्या तासांचं गणित वेगळं आहे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या, अकराव्या आणि चौदाव्या वर्षी शाळेत इंग्रजी शिकायला लागलेल्या मुलांची तुलना केली. तेवढेच तास शिकून झाल्यावर उशिरा सुरू केलेली मुलं बहुतेक चाचण्यांत पुढे निघाली. मोठ्या मुलाला नियम समजतो, तो दुसरीकडे लावून बघता येतो. वडील इंजिनिअर, त्यांना हे पटलं. 'तरी पण' म्हणालेच, ते सोडा.

मग मी मीराची वही बघितली. प्रत्येक जर्मन ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक देवनागरी: 'इश हाइसं मीरा', 'इश वोनं इन पुणे'. त्यावर मिसच्या लाल पेनाची काट. मिसचंही बरोबर होतं, कारण ही कुबडी मुलं सोडत नाहीत. पण माझं मत थोडं वेगळं आहे. जर्मन शब्द इंग्रजीसारखा वाचण्यापेक्षा देवनागरीत लिहिलेला बरा. 'व्हिअर' झालं ते इंग्रजीमुळे, देवनागरीमुळे नव्हे. मात्र 'इश'मधला श आपला श नाही, आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला यू देवनागरीत बसतच नाही. तो मीराला मी आरशासमोर करायला लावला (मॅक्सम्युलर भवनात तरुणपणी केलेल्या एका कोर्सची एवढीच शिदोरी माझ्याकडे उरली आहे). ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे, ते न हलवता आतून 'ई' म्हणायचं. ती हसली. त्या खोलीत पहिल्यांदाच.

मिसबरोबर तडजोड ठरली. देवनागरी त्या आठवड्यापुरती, पेन्सिलीनेच. शनिवारी खोडायची आणि खोडल्यावर तोच उतारा एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. रेकॉर्डिंग कुणी ऐकायचं नाही, आईनेही नाही. वर्गात रांगेने वाचनाआधी तीन मिनिटं बाकावरच्या जोडीदाराला वाचून दाखवायचं. पन्नास मुलांच्या वर्गात याहून जास्त मागणं अन्याय झाला असता, आणि मिसना जोडीचं वाचन इतकं सोयीचं वाटलं की त्यांनी ते दुसऱ्या तुकडीतही सुरू केलं.

घरच्यांकडून मला एकच गोष्ट हवी होती आणि तीच सगळ्यांत अवघड गेली. पाहुणे आले की "काकांना जर्मनमध्ये काहीतरी बोलून दाखव बघू" हे बंद. आपल्याकडे लहानपणी श्लोक म्हणून दाखवायला लावतात, त्यातलाच हा प्रकार. प्रेमाने होतो, पण बाकं मोजणाऱ्या मुलीला घरीसुद्धा बाकच दिसायला लागतं. वडिलांना वाटत होतं, याने तिची भीड चेपेल. गणपतीच्या दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, त्यांनी स्वतःला आवरलं असं आईनेच मला सांगितलं.

टक्केवारीची धास्ती होतीच. दहावीचा निकाल सहापैकी उत्तम पाच विषयांवर लागतो, सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरला जात नाही, हे त्यांना माहीत होतं, पण या संदर्भात सुचलं नव्हतं. जर्मनमध्ये पडलेले गुण अख्खा निकाल बुडवणार नाहीत, एवढं कळल्यावर घरातलं वातावरण निवळलं. 10 ते 16 वयाच्या मुलांसाठी जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटची (तेच मॅक्सम्युलर भवन) वेगळी ए-1, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची, परीक्षा असते, ती यंदाच द्यावी का, असंही वडिलांनी विचारून ठेवलं. मी म्हटलं, दहावीपर्यंत वेळ आहे.

पोटदुखी सप्टेंबर संपेपर्यंत गेली. दुसऱ्या चाचणीत चौदा मिळाले. मीरा अजूनही आपणहून हात वर करत नाही. करावाच, असं मला वाटतही नाही.

पण म्हणून प्रत्येकाला जर्मनला चिकटवून ठेवावं असं नाही. त्याच सुमारास एक मुलगा आला होता. पुढे जर्मनीला इंजिनिअरिंगला पाठवायचं, म्हणून वडिलांनी ठरवून दिलेलं जर्मन. अशा मुलांना मी एक प्रश्न विचारते: वर्गात ऐकायला कुणीच नसेल आणि परीक्षाही नसेल, तर ही भाषा तुला यावी असं वाटतं का? मीरा लगेच "हो" म्हणाली होती, तिला त्या भाषेचा आवाज आवडायचा. हा मुलगा विचार न करता "नाही" म्हणाला. त्याला भीती नव्हती, पोटही दुखत नव्हतं. त्याला गीतेचे अध्याय पाठ होते आणि संस्कृतच हवं होतं. त्याने पहिल्या सत्रातच विषय बदलला, सुटलेले तीन धडे दिवाळीच्या सुट्टीत भरून काढले. बदलायचं असेल तर याच वेळेत बदलावं. दुसरं सत्र सुरू झालं की मागे राहिलेला अभ्यास वाढतो आणि शाळाही का-कू करायला लागते. आणि मीरासारखं "हो" आलं, तर विषय बदलायच्या आधी वर्गशिक्षिकेला भेटून तास कसा चालतो ते विचारा.