पेणच्या आधीच सतरा तास

प्रश्न : माझा मुलगा डोंबिवलीला असतो. शुक्रवारी ऑफिस सुटलं की जेवून रात्री दहाला गाडी काढतो आणि उजाडता मालवणात येतो. सोबत सून आणि नातू. ‘आये, काय होवचा नाय, झोप इली तर काच खाली करतंय, कॉफी घेतंय,’ म्हणतो. गणपती जवळ आलेत. त्याला काय सांगू?
– एक आई, मालवण

उत्तर : ताई, मी 27 वर्षं मुंबई-सावंतवाडी रात्रीची गाडी चालवली. काच मीही खाली केली आहे. वारा लागतो तेवढाच वेळ बरं वाटतं, झोप जात नाही.

मुलगा सकाळी सहाला उठत असेल, तर रात्री अकराला, म्हणजे पेणही यायच्या आधी, त्याला जागून 17 तास होतात. एवढ्या जागरणाने माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंदावतो, हे तपासून पाहिलेलं आहे. चिपळूण येतं तीनच्या सुमारास आणि दोन ते सहा ही तर शरीराची हक्काची झोपेची वेळ.

एका पावसाळ्यात पहाटे मला निवळी फाटा दिसला आणि त्यानंतर एकदम हातखंबा. मधला रस्ता आजही आठवत नाही. मागे चाळीस माणसं निजलेली होती. डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद झोपतो. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर, आणि तेवढ्यात घाटातलं वळण संपून जातं. त्या दिवशी मी गाडी बाजूला घेतली, कंडक्टरला सांगितलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागचा रस्ता आठवेना किंवा टायर कडेच्या पट्ट्यावर जायला लागला, की पुढचा पेट्रोलपंप गाठून थांबायचं. कॉफी अंगात भिनायला अर्धा तास लागतो, म्हणून ती पिऊन लगेच 20 मिनिटं झोपायचं, मग खाली उतरून चार पावलं चालायचं आणि अंग जागं झालं की निघायचं. सर्दीची गोळी घेतली असेल तर गाडी हातात घेऊच नये. तो फार घोरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुरती झोप झाली तरी अशा माणसाला दिवसा पेंग येते.

पण खरं सांगू का? ही सगळी वाटेतली मलमपट्टी. त्याला शुक्रवारी घरीच झोपू दे, शनिवारी पहाटे पाचला निघू दे. राजापूरच्या आसपास जेवला की तिथेच अर्धा तास आडवा होऊ दे, दुपारी दोन ते चारही पेंग येतेच. आणि ताई, ‘खंय पोचलंस?’ म्हणून त्याला सारखा फोन करू नका. घाई त्यानेही वाढते. विचारायचंच तर सुनेला विचारा. ‘जेवण झाकून ठेवतंय, सावकाश ये,’ एवढं निघायच्या आदल्या रात्रीच सांगून ठेवा.